‘जर्सी बॉइज’ बघायला जाताना: पहिल्यांदाच म्युझिकल पाहणाऱ्यांसाठी

न्यू जर्सीतल्या एडिसन, आयसेलिन भागात नव्याने राहायला आलेली मराठी मंडळी वर्षभरात कधीतरी विचारतातच, ‘ब्रॉडवे-ब्रॉडवे म्हणतात, तर पहिलं नाटक कुठलं बघू?’ ब्रॉडवे म्हणजे न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधला मोठ्या नाट्यगृहांचा भाग. माझं उत्तर ठरलेलं आहे. एखाद्या गाणाऱ्या बँडच्या आयुष्यावरचं म्युझिकल, म्हणजे गाण्या-नाचांचं नाटक, बघा, आणि ‘जर्सी बॉइज’ कुठे लागलं असेल तर तेच बघा. चार पोरं एकत्र येतात, गाजतात, पैशावरून आणि स्वभावावरून फुटतात. ही गोष्ट समजायला अमेरिकेत जन्मावं लागत नाही. शिवाय ती घडते आपल्याच गावांत. नेवार्क, बेलव्हिल, बर्गनफील्ड, युनियन ही नावं आपण रोज हायवेच्या पाट्यांवर वाचतो.

मी हे नाटक दोनदा पाहिलं. एकदा काहीही माहीत नसताना, आणि सात वर्षांनी आई-बाबांना घेऊन, नीट तयारी करून. दोन्ही अनुभवांत जमीन-अस्मानाचा फरक होता, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी हा प्रकार समजून घ्या

आपल्याकडच्या संगीत नाटकात आधी नाटक आणि मग त्यातल्या प्रसंगांसाठी पदं. ‘सौभद्र’मधलं पद ‘सौभद्र’साठीच रचलेलं. इथे उलटं आहे. गाणी साठ-सत्तरच्या दशकांतच रेडिओवर गाजलेली आणि गोष्ट नंतर त्यांच्याभोवती विणलेली. याला इथे ‘ज्यूकबॉक्स म्युझिकल’ म्हणतात. पण ‘जर्सी बॉइज’ त्यातही वेगळं पडतं, कारण त्यातली पात्रं खरी आहेत. ‘द फोर सीझन्स’ नावाचा हा गट खराखुरा होता: फ्रँकी व्हॅली, टॉमी डेव्हिटो, निक मासी आणि बॉब गॉडिओ. त्यामुळे बहुतेक गाणी रंगमंचावर गाणी म्हणूनच येतात, म्हणजे रेकॉर्डिंगला, क्लबमध्ये, टीव्हीवर. बोलता बोलता माणूस मध्येच गायला का लागला, हा नवख्या प्रेक्षकाला हमखास पडणारा प्रश्न इथे फारसा पडत नाही.

नाटकाची संहिता मार्शल ब्रिकमन आणि रिक एलिस यांची, दिग्दर्शन डेस मॅकॅनफ यांचं. २००४ मध्ये ते कॅलिफोर्नियात ला होया प्लेहाउसमध्ये पहिल्यांदा आलं आणि ६ नोव्हेंबर २००५ ला ब्रॉडवेच्या ऑगस्ट विल्सन थिएटरमध्ये सुरू झालं. २००६ साली सर्वोत्कृष्ट म्युझिकलचा टोनी पुरस्कार (ब्रॉडवेचा सर्वात मोठा सन्मान) धरून चार टोनी मिळाले. जानेवारी २०१७ मध्ये ते उतरलं तेव्हा ४,६४२ प्रयोग झाले होते.

गाणी ऐकून जा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

पहिल्या वेळी, २०११ मध्ये, मी ऑगस्ट विल्सनमध्ये बसले होते. ‘शेरी’चे पहिले सूर वाजले आणि आजूबाजूच्या सगळ्यांच्या तोंडून एकदम ‘अहा’ निघालं. पुढच्या रांगेतल्या साठी-पासष्टीच्या बाईंनी नवऱ्याचा हात धरला. त्या दोघांचं काहीतरी त्या गाण्यात ठेवलेलं होतं आणि ते आत्ता त्यांना परत मिळालं होतं. मला मात्र गाणं नुसतं ‘छान’ वाटलं. सगळा हॉल एका लग्नात जेवतोय आणि मी बाहेर उभी आहे, असं झालं. हा सगळा खेळ ओळखीचा आहे. गोष्ट पुढे सरकत असते आणि प्रेक्षक मनात वाट बघत असतो, ‘आता ते गाणं येणार.’ ज्याला गाणंच माहीत नाही त्याच्या वाट्याला ती वाट बघणं येत नाही, आणि मग गाणं येण्यातला आनंदही येत नाही.

आपलं बालपण या गाण्यांवर गेलेलं नाही, त्याला इलाज नाही. पण आठवडाभर भाजी चिरताना, गाडीत, चालायला जाताना ही गाणी लावली तर बरीचशी कसर भरून निघते. सगळी गाणी ऐकायची गरज नाही. या क्रमाने ऐका.

१९६२ चं ‘शेरी’ आधी. गॉडिओने ते पंधरा-एक मिनिटांत लिहिलं असं तो स्वतः सांगत आला आहे. यात फ्रँकीचा वरचा, पातळ, टिपेचा आवाज लक्ष देऊन ऐका. त्याला फॉल्सेटो म्हणतात आणि सगळा गट त्या आवाजावर उभा आहे. मग त्याच वर्षीचं ‘बिग गर्ल्स डोन्ट क्राय’ आणि १९६३ चं ‘वॉक लाइक अ मॅन’. ही तिन्ही अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचली होती. त्यानंतर १९६४ चं ‘रॅग डॉल’. मग थोडं थांबून १९६७ चं ‘कान्ट टेक माय आइज ऑफ यू’. हे फ्रँकीचं एकट्याचं. याची चाल तुम्ही कुठल्या ना कुठल्या लग्नात किंवा जाहिरातीत ऐकलेली निघेल. गाण्यात मध्येच पितळी वाद्यांचा जो तुकडा उसळतो तो नीट कानात बसवा, नाटकात त्याच्यासाठी सगळा हॉल श्वास रोखून बसलेला असतो. शेवटी ‘डिसेंबर, १९६३’. नावात ६३ असलं तरी गाणं १९७५ चं आहे आणि १९७६ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. नाटकात मात्र ते पहिल्या अंकातच, गोष्ट साठच्या दशकात असतानाच येतं. म्हणजे गाण्यांचा क्रम इतिहासाचा नाही, प्रसंगाचा आहे, हे तुम्हाला आधीच कळलेलं असेल.

गोष्ट मात्र वाचून जाऊ नका. कोण कोणाला सोडतं, कोणाचं काय होतं, हे तिथेच कळू द्या.

कुठे लागलंय ते शोधा, पण जाहिरात नीट वाचा

ब्रॉडवेनंतर हे नाटक नोव्हेंबर २०१७ पासून पन्नासाव्या रस्त्यावरच्या न्यू वर्ल्ड स्टेजेसमध्ये ऑफ-ब्रॉडवे म्हणून, म्हणजे छोट्या नाट्यगृहात, चाललं आणि २०२२ मध्ये तिथलंही थांबलं. आता ते दौऱ्यावरच्या कंपन्या आणि गावोगावची नाट्यगृहं करतात. आपल्या भागात न्यू ब्रन्सविकचं स्टेट थिएटर आणि नेवार्कचं एनजेपॅक या दोन ठिकाणी दौऱ्यावरची म्युझिकल्स येत असतात. त्यांच्या हंगामाचं वेळापत्रक बघायची सवय लावून घ्या. मॅनहॅटनला न जाता, गाडी पार्क करून, चांगलं नाटक बघता येतं.

इथे एक खड्डा आहे. ‘फोर सीझन्सचं संगीत’, ‘फ्रँकी व्हॅलीला मानवंदना’ अशा जाहिरातींचे कार्यक्रम वर्षभर चालू असतात. चार गायक, तेच सूट, तीच गाणी. तो ऑर्केस्ट्रा झाला, नाटक नव्हे. त्यात गोष्ट नसते, अंक नसतात. ओळखायचं कसं? जाहिरातीत संहिता लिहिणाऱ्यांची नावं आहेत का बघा. ब्रिकमन आणि एलिस ही नावं असतील तर नाटक, नसतील तर गाण्यांची संध्याकाळ. ती वाईट नसते, पण हा लेख तिच्यासाठी नाही.

‘जर्सी बॉइज’ जवळपास कुठेच नसेल तर त्याच जातीचं दुसरं काही निवडा. ‘द टेम्प्टेशन्स’ गटावरचं ‘एन्ट टू प्राउड’ २०१९ मध्ये ब्रॉडवेवर आलं. ‘द किंक्स’वरचं ‘सनी आफ्टरनून’ २०१४ पासून लंडनच्या वेस्ट एंड या नाट्यगृहांच्या भागात चाललं. गट बदलला की गाण्यांची यादी बदलते, बाकी तयारी हीच.

तिकीट

पहिल्या वेळी मी इंटरनेटवर नाटकाचं नाव टाकलं आणि सगळ्यात वर जे आलं तिथून तिकिटं घेतली. साइटच्या पत्त्यात नाटकाचं नाव होतं, फोटो होते, सगळं अधिकृत दिसत होतं. प्रत्यक्षात ते पुनर्विक्री करणारे होते. छापील किमतीच्या जवळजवळ दुप्पट पैसे गेले आणि जागा मिळाल्या अगदी मागच्या. थिएटरच्या खिडकीवर चांगल्या जागा शिल्लक असल्याचं तिथे पोचल्यावर कळलं आणि फार वाईट वाटलं. तेव्हा आधी थिएटरचं नाव काढा, मग त्या थिएटरच्या स्वतःच्या साइटवर जा आणि तिथलं ‘तिकीट’ बटण जिथे नेईल तिथूनच घ्या. मॅनहॅटनमध्ये कामाला असाल तर जेवणाच्या सुट्टीत सरळ खिडकीवर जा. ऑनलाइन लागणारे वरचे आकार बऱ्याचदा वाचतात, आणि खिडकीतला माणूस कुठल्या जागेवरून काय दिसतं तेही सांगतो.

त्याच दिवशी जायचं असेल तर टाइम्स स्क्वेअरला, लाल पायऱ्यांच्या खाली, टीकेटीएसची खिडकी आहे. १९७३ पासून ती त्या दिवसाची उरलेली तिकिटं साधारण वीस ते पन्नास टक्के सवलतीत विकते. बोर्डवर आज काय उपलब्ध आहे ते लिहिलेलं असतं. घरी पाहुणे नसतील आणि ‘अमुकच बघायचं’ असा हट्ट नसेल तर याच्यासारखी मजा नाही. आई-बाबा सोबत असतील तर मात्र रांगेत उभं राहून नशीब आजमावू नका.

प्लॅनबद्दल थोडं. खालच्या मजल्याला ‘ऑर्केस्ट्रा’ म्हणतात, वाजवणाऱ्यांशी त्याचा संबंध नाही. वर ‘मेझनीन’, काही ठिकाणी त्याच्याही वर ‘बाल्कनी’. माझ्या मते या नाटकासाठी मेझनीनच्या पहिल्या दोन-तीन रांगा उत्तम. नेपथ्यात वरच्या पातळीवर लोखंडी पूल आहे आणि पात्रं वर-खाली करत राहतात, मागच्या पडद्यांवर कॉमिक्ससारखी मोठी चित्रं येतात. खाली अगदी पुढे बसलात तर मान दुखते आणि हे सगळं एका नजरेत मावत नाही. शिवाय चौघं एका रेषेत उभे राहून जे नाचतात त्याची आखणी वरूनच नीट कळते.

आकड्यांचा एक घोळ सांगून ठेवते. ब्रॉडवेच्या बहुतेक थिएटरांत डाव्या बाजूला विषम आणि उजव्या बाजूला सम क्रमांक असतात. म्हणजे ‘J’ रांगेतल्या २ आणि ४ या शेजारशेजारच्या खुर्च्या आहेत. मधल्या भागात क्रमांक १०१ पासून पुढे सलग जातात, तिथे १०१ आणि १०२ शेजारी. माझ्या मैत्रिणीने ‘२ आणि ४ मध्ये एक सीट सुटतेय’ म्हणून मिळालेली चांगली तिकिटं सोडून दिली होती.

लंडनला राहणाऱ्यांसाठी: तिथे खालच्या मजल्याला ‘स्टॉल्स’, वरच्याला ‘ड्रेस सर्कल’ म्हणतात. जुन्या थिएटरांत खांब असतात, म्हणून तिकिटावर ‘रिस्ट्रिक्टेड व्ह्यू’ लिहिलंय का ते बघा. सवलतीची खिडकी लेस्टर स्क्वेअरला आहे.

मुलं आणि आई-बाबा

या नाटकात शिव्या आहेत, आणि भरपूर आहेत. साठच्या दशकातल्या नेवार्कच्या गल्लीतली पोरं जशी बोलतील तशीच ती बोलतात. तुरुंग, कर्ज, गुंड, बायकांची प्रकरणं सगळं येतं. बारा वर्षांखालच्या मुलांना नेऊ नका. त्यांच्यासाठी दुसरी नाटकं आहेत. बंदुकीचा आवाज, धूर आणि झगमगणारे दिवेही असतात. घरात कोणाला फीट येण्याचा त्रास असेल तर आधी थिएटरला विचारा.

भारतातून आलेल्या आई-वडिलांना शिव्यांपेक्षा मोठी अडचण असते ती उच्चारांची. जर्सीतली इटालियन पोरं भराभर बोलतात, आणि इंग्रजी चांगलं असलेल्या माणसालाही पहिली दहा मिनिटं काही कळत नाही. यावर दोन उपाय आहेत. ब्रॉडवेच्या बऱ्याच थिएटरांत ‘गालाप्रो’ नावाच्या अॅपवर संवाद लिहिलेले येतात. स्क्रीन काळीच राहते, त्यामुळे शेजाऱ्याला त्रास होत नाही. घरूनच अॅप उतरवून घ्या. आणि कमी ऐकू येणाऱ्यांसाठी कानाला लावायचं यंत्र ओळखपत्र ठेवून मिळतं. जर्सीतल्या नाट्यगृहांत यातलं काय मिळेल ते तिकीट काढतानाच विचारा.

माझ्या बाबांना मी आदल्या दिवशी चहा पिता पिता एवढंच सांगितलं: चार ऋतू, चार माणसं. वसंतात टॉमी बोलतो, उन्हाळ्यात बॉब, पानगळीत निक आणि हिवाळ्यात फ्रँकी. प्रत्येक जण आपल्या बाजूने गोष्ट सांगतो आणि मागच्याचं खोडून काढतो. बाबा म्हणाले, ‘म्हणजे आपल्या वाड्याच्या वाटणीसारखं.’ त्यांना नाटक कळलं होतं.

त्या दिवशी

जर्सीहून निघताना नाटकाच्या वेळेआधी किमान दोन तासांचा हिशोब धरा. मेट्रोपार्क किंवा एडिसनहून एनजे ट्रान्झिटची गाडी मॅनहॅटनच्या पेन स्टेशनला साधारण पाऊण-एक तासात पोचते, पण रविवारी रुळांचं काम निघालं की सगळं बिघडतं. पेन स्टेशनहून थिएटरच्या भागात चालत वीसेक मिनिटं, नाहीतर सबवेच्या सी किंवा ई गाडीने पन्नासाव्या रस्त्यापर्यंत. दुपारचा प्रयोग निवडला तर आई-बाबांना रात्रीची गाडी गाठायची धावपळ होत नाही.

उशिरा पोचलात तर लगेच आत सोडत नाहीत, एखादं गाणं संपेपर्यंत बाहेर थांबवतात. तीन घंटा होत नाहीत. आधी दिव्यांची उघडझाप होते किंवा बारीक टणटण वाजतं, आणि वेळेनंतर पाचेक मिनिटांत सुरूच होतं. जेवून जा, कारण बाहेरचा डबा आत चालत नाही. शाल घ्या, आत फार गार असतं. आणि स्वच्छतागृह आत शिरल्या शिरल्या उरकून घ्या, कारण मध्यंतर पंधराच मिनिटांचं असतं आणि बायकांची रांग जिन्यापर्यंत जाते.

दारात ‘प्लेबिल’ नावाची पुस्तिका फुकट मिळते. त्यात कधी कधी एक सुटी चिठ्ठी असते: आजच्या प्रयोगात अमुक भूमिका अमुक करणार. ती वाचून हिरमुसू नका. आठवड्याला आठ प्रयोग असतात आणि फ्रँकीचं काम गळ्याला इतकं जड आहे की काही प्रयोगांसाठी वेगळा नट आधीच नेमलेला असतो. आम्ही दुसऱ्या वेळी पाहिला तो असाच बदली नट होता. बाबांना अजून त्याचाच आवाज आठवतो.

पडदा उघडल्यावर

पहिलंच गाणं फ्रेंचमध्ये आहे, तेही रॅप. चुकीच्या थिएटरात आलात असं समजू नका. फोर सीझन्सच्या गाण्यावरून २००० साली पॅरिसमध्ये गाजलेलं ते गाणं आहे, आणि ‘आमची गाणी कुठवर पोचली बघा’ असं म्हणत टॉमी तिथून तुम्हाला मागे, जर्सीच्या गल्लीत घेऊन येतो.

टाळ्या गाणं संपल्यावर. वन्स मोअर नाही. आपल्याकडे चांगलं पद झालं की नट तेच पुन्हा रंगवतो, इथे तसं होत नाही. सगळं दिव्यांच्या आणि वाद्यांच्या ठरलेल्या गणितावर चालतं. सोबत गाऊ नका, कितीही मनात आलं तरी. शेवटच्या अभिवादनाच्या वेळी सगळे उभे राहून गातात, तेव्हा गा.

एका प्रसंगाकडे मात्र खास लक्ष ठेवा. चौघं आपल्याकडे पाठ करून गातात आणि समोरचे प्रखर दिवे सरळ आपल्या डोळ्यांवर येतात. आपण प्रेक्षक उरत नाही, त्यांच्या मागे रंगमंचावर उभे असतो. ते चार पाठमोरे सूट आणि समोर डोळे दिपवणारा उजेड. प्रसिद्धी आतून कशी दिसते हे मला तोवर कोणी असं दाखवलं नव्हतं.

घरी येताना सगळे विचारतात, ‘हे खरं आहे का?’ बरंचसं आहे. गटाचं नाव युनियनमधल्या एका बोलिंग अॅलीवरून पडलं, हे खरं. बॉबची ओळख करून देणारा मुलगा म्हणजे पुढे नट झालेला जो पेशी, हेही खरं. फ्रँकी आणि बॉब यांनी कागद न करता, नुसत्या हस्तांदोलनावर, कमाई निम्मी-निम्मी वाटून घ्यायचं ठरवलं, तेही खरं. पण चौघांपैकी नाटकामागे ठामपणे उभे होते ते फ्रँकी आणि बॉब, आणि निक तर २००० मध्येच वारला होता, हे मनात असू द्या. हे नाटक टॉमीच्या एका अप्रकाशित आत्मचरित्रावरून उचललं, असा खटलाही झाला. २०२० मध्ये अपील न्यायालयाने नाटकाच्या बाजूने निकाल दिला. खरं म्हणून सांगितलेल्या घटनांवर कोणाचा मालकी हक्क नसतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

दुसऱ्या दिवशी

शेवटची गाडी किती वाजता आहे ते आधीच बघून ठेवलेलं असेल, म्हणजे त्या रात्री घाई होणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मूळ ‘शेरी’ पुन्हा लावा. आठवडाभर तुम्ही वरचा टिपेचा आवाजच ऐकत होतात. आता खालचा ऐका, सगळ्यात खर्जातला, जवळजवळ गाण्याच्या जमिनीसारखा. तो निकचा. नाटकात तो सगळ्यात कमी बोलतो, आणि त्या चौघांचे सूर एकमेकांत कसे बसवायचे ते बरंचसं तोच ठरवायचा. आईने हेडफोन लावून तो पकडला तेव्हा स्वयंपाकघरातूनच हाक मारली, ‘अगं, हा बघ, इथे आहे तो!’